आजीच्या नाण्याला भोक

ब्रशी फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
१२ ऑक्टोबर १९५८

ऑर्फी,

आम्ही बरे आहोत, तूही बरी असशील. सफरचंदं शिजवून बरण्या भरल्या, दोन तुझ्या. हॉबर्टला खाणीत दिवसपाळी लागलीय. लोनी रांगतो, दिसेल ते तोंडात घालतो.

अक्षर लागतंय ना? चौथीतच सुटली माझी शाळा.

तू शनिवारी नाणं न्यायला येणार, म्हणून आधीच लिहिते. तोंडावर सांगायची छाती नाही.

त्याला भोक पाडलंय.

आपल्याकडे दात येताना त्रास नको म्हणून पोरांच्या गळ्यात भोकाचं तांब्याचं नाणं बांधतातच. हॉबर्ट ओरडला, "अगं बये, घरात साधं एका सेंटचं नाणं नव्हतं?"

मी म्हटलं, "आजीचं ते आजीचं."

"आजीनं ते ऑर्फीला दिलं, तुला नाही. तेच डाचतंय तुला."

त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नाही मी.

पण बोलला ते खरं. दोघी बहिणींत मला रजई, तुला १७९९ सालचं नाणं. चार्ल्सटनचा नाणीवाला तुझ्या टेबलाशी बसून काय म्हणाला, आठवतंय ना? "बाई, या सालचा सेंट हुडकून सापडत नाही. सापडला तर झिजलेला, काळाठिक्कर. नाण्यावरच्या या बाईचे मोकळे केस बघा, साल कसं वाचता येतंय! दीडशे डॉलर देतो. घासू नका, पुसूसुद्धा नका. आणि तुमच्याकडच्या बायका भोकं पाडतात ना, तसलं मी हातात धरत नाही."

मी तेव्हा कॉफी ओतत होते. सगळं ऐकलं.

तो गेल्यावर तू म्हणालीस, "डेल्सी, आता मागची खोली होईल. खोली झाली की अनाथालयवाली बाई मूल देईल." तू हसलीस. मीपण हसले. आतून नुसती आग. घर तुझं चांगलं, आजी तुझी, नाणं तुझं. माझ्याकडे तुझ्यापेक्षा जास्त एकच होतं, लोनी. आता तेही तुला मिळणार!

"त्याचा दात अडलाय, चार दिवस दे," असं सांगून मी नाणं मागितलं. तू लगेच दिलंस. "फडक्यात बांधून गळ्यात घाल, भोक नको पाडूस," एवढंच म्हणालीस.

ऑर्फी, दात आधीच आला होता. माझ्या बोटाला लागला होता.

खिळा-हातोडी मीच घेतली. चारदोन घावांत आरपार, त्या बाईच्या केसांतून. लोनीच्या गळ्यात ते अजून बांधलेलं नाही. हातच होत नाही. तो नुसता शिंकला तरी धावत जाऊन त्याचं कपाळ चाचपते, माझं पाप त्याच्यावर उलटेल म्हणून.

शनिवारी ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. लोनी तुझ्याकडे झेपावेल, त्याला दूर लोटू नकोस. तो तुझ्याकडे झेपावतो तेव्हाही मी जळते, हे पण लिहूनच टाकते. तरी ये.

जिच्यावर तू भरवसा टाकलास ती,
डेल्सी