उतरता खांदा

ता. ४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पोचले, रुळले आणि पहिल्याच आठवड्यात हसंही करून घेतलं. या फॅशनवाल्यांत सगळे काळे कपडे घालतात आणि पोटभर कोणी जेवत नाही. माप घेऊन झाल्यावर मी सवयीने टेप झटकली, तर शिवणखोलीतल्या सगळ्या बघायलाच लागल्या. माप टेपमध्ये राहू नये म्हणून झटकायची, असं मावशीने शिकवलंय म्हटलं, तर हसून बेजार. आता नाही झटकत. गावंढळ म्हणवून किती दिवस घ्यायचं?

परवा मॉडेल आली नाही. मॅडमनी माझ्याच मापाचा पुतळा भरायला सांगितला. स्वतःचं माप घेतलं, टेप तशीच गुंडाळून ठेवली आणि कापूस ठासून हुबेहूब मी केली, अगदी उतरत्या डाव्या खांद्यासकट. आता नव्या मोसमाचे सगळे कपडे त्याच्यावर बेतणार. आहेस ना खूश?

गुडघ्याला जप, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
टाचणी

ता. १२ मार्च

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

हसणारीला हसू दे, पण टेप झटकत जा, बाई. माझ्या आईने कारण कधी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. स्वतःचं माप घेऊन तू टेप तशीच गुंडाळून ठेवलीस, हे वाचल्यापासून मला चैन नाही.

सोबत कुर्ता पाठवतेय. झाडावरून पडलीस तेव्हापासून डावा खांदा बोटभर खाली, तसाच शिवलाय. काळा नाही, हिरवा आहे. नाक मुरडू नकोस. जेवत जा, आणि आठवण ठेव.

तुझी,
मावशी

ता. २५ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

कुर्ता मिळाला. डावा खांदा लोंबतो. डोळे तपासून घ्यावेत, माझे दोन्ही खांदे सरळ आहेत. भूक लागत नाही, त्यामुळे वेळ वाचतो. मी आता इथलीच वाटते, असं सगळे म्हणतात.

पुतळ्याचं मात्र काही खरं नाही. टोचलेल्या टाचण्या जेवणाच्या सुट्टीत खाली पडलेल्या असतात. हाताला कोमट लागतो. त्याच्याकडे पाठ करून बसायला कोणी तयार नाही. सोमवारी त्याचा खांदा उसवून सरळ करायचं मॅडमनी ठरवलं आहे. बरंच होईल. शनिवारी घरी येते.

कळावे.

आपली भाची

ता. ३० मार्च

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

काल एक मुलगी घरी आली. चेहरा तुझा, आवाज तुझा. मी चेष्टा केली, ती हसली नाही. ताट वाढलं, तिने नुसतं पाहिलं. आज दुपारी आडवी झाली तेव्हा मी हळूच टेप लावली. खांदे एका रेषेत. कूस बदलायला हात दिला तर कापसाच्या उशीइतकी हलकी. मला रडू फुटलं. मग मी टेप झटकली, तशी तिने डोळे उघडले आणि माझ्या हातातल्या टेपकडे बघत राहिली.

हे पत्र टपालात टाकत नाही, वेळेत पोचायचं नाही. उद्या सकाळी त्या शिवणखोलीत येऊन, तुझ्यासमोर उभी राहून वाचणार आहे. बायका हसतील, हसू देत. मग तुझी ती गुंडाळलेली टेप शोधून पहिली झटकेन. पुढचं मलाही माहीत नाही, पोरी.

तोवर कोणाला हात लावू देऊ नकोस. टाचण्या पाड, हवं ते कर. इतक्या पुतळ्यांत मी तुला त्या उतरत्या खांद्यावरूनच ओळखणार आहे.

लोभ आहेच, खांदा तेवढा तसाच असू दे.

तुझी,
मावशी