निरोगी गटात मी एकटा

५ जानेवारी २०२५, रविवार
सुप्रिया येऊन गेली. धाकट्या भावाची मुलगी, अकोल्याला नर्सिंगचं मोठं शिक्षण घेते. प्रोजेक्टसाठी तिने चीनमधल्या डॉक्टरांचे पेपर वाचलेत. तिकडे एकाच मुलाचा नियम होता. ते एकुलतं मूल गेलं, अशा आई-बापांच्या मनाचा तिथले डॉक्टर वर्षानुवर्षं अभ्यास करतायत. ती म्हणाली, काका, हे तुमच्या दोघांसाठी आणलंय, वाचा आणि काकूला घेऊन सरकारी दवाखान्यात समुपदेशकाला भेटा.
वाचलं. सगळं हौसाला लागू पडतं. झोप नाही, भूक नाही, माणसांत जाणं नाही. आमचा एकुलता पवन अपघातात गेला त्याला पावणेदोन वर्षं झाली, बाई अजून त्याच्या शर्टांना इस्त्री करते.
आईला जास्त त्रास होतो, बापाला त्यामानाने कमी, असंही एका पेपरात आहे. वाचून बरं वाटलं.

६ जानेवारी
समुपदेशकाची गरज नाही. तेहतीस वर्षं आरोग्य सेवक होतो. वाशीमकडच्या मालेगाव तालुक्यात तापाच्या किती रोग्यांचं रक्त मलेरियासाठी काचेवर घेतलं, किती भिंतींवर खडूने भेटीची तारीख लिहिली, गणती नाही. बारा आठवड्यांचा अभ्यास मी स्वतः करणार. सुप्रियाचा फॉर्म आहेच. नऊ प्रश्न. 'कधीच नाही'ला शून्य, 'रोज'ला तीन. एकूण सत्तावीस. आकडा जितका मोठा तितकी तब्येत वाईट.
पेशंट: हौसाबाई. तुलनेसाठी एक निरोगी गट लागतो. तो मी.
फाइल, स्केल आणि दोन रंगांची पेनं आणली.

१२ जानेवारी, रविवार
पहिला फॉर्म. पेशंट मेथी निवडत होती. म्हणाली, हे कायले विचारून राह्यले तुमी. म्हटलं, शास्त्रासाठी. म्हणाली, विचारा मंग.
वीस आले. गंभीर.
नववा प्रश्न विचारला नाही. 'मूल गेल्याबद्दल स्वतःला किंवा दुसऱ्या कोणाला दोष देता का?' पेशंटला उगाच त्रास. अनुभवावरून शून्य टाकलं.

१३ जानेवारी
निरोगी गटाचे बाराही फॉर्म आज भरून टाकले, थेट ३० मार्चपर्यंत. सगळी शून्यं. नोकरीतही पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या वस्त्यांचा सर्व्हे शाळेच्या व्हरांड्यात बसूनच भरायचो. एकदाही कोणी बोट ठेवलं नाही.

१९ जानेवारी, सायं. ६
पेशंट: एकोणीस. व्यायाम सुरू केला. चीनमध्ये संध्याकाळी बायका मैदानात जमून हातपाय हलवतात. इथे मैदान नाही, म्हणून शेजारच्या पंचफुलाबाईंबरोबर वाशीम रोडपर्यंत चालायला पाठवलं. पेशंट म्हणाली, तुमीबी चाला. गुडघा दुखतो म्हटलं. गुडघा ठीक आहे, पण त्या रस्त्यावर पवन बसायचा ते गॅरेज लागतं आणि तिथे फार धूळ उडते.

२ फेब्रुवारी
सतरा. पेशंट पंचफुलाबाईंशी बोलताना हसली. हिरव्या पेनाने नोंद केली.
माझ्या पट्ट्याला नवीन भोक पाडलं. हल्लीचं चामडं ताणतं.

९ फेब्रुवारी
सोळा. दुपारी चीनच्या नियमाबद्दल पुन्हा वाचलं. आमच्याकडे नियम नव्हता, टार्गेट होतं. सन २००० चा मार्च. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया शिबिरात माझी एक केस कमी पडत होती. पवन दोन वर्षांचा. ती केस मी घरातूनच दिली. डॉक्टरांनी हौसाला सांगितलं होतं की दुसरं बाळंतपण झेपायचं नाही. म्हणजे डॉक्टर म्हणाले असं मी सांगितलं. डॉक्टरही तेच म्हणाले असते. तालुक्यात पहिला आलो. बक्षिसाचं घड्याळ अजून बरोबर वेळ दाखवतं.
हे अभ्यासाच्या बाहेरचं आहे. उगाच लिहिलं.

२३ फेब्रुवारी
शेलूबाजारला हरिसिंगचं लग्न. पवनचा जिवलग मित्र. पेशंट लग्नात टिकते का, याची चाचणी घ्यायची ठरवली. दोघं जीपने गेलो. पेशंट मंडपात गेली. मी जीप स्टँडवर थांबलो. ऊन होतं. सावलीतसुद्धा होतं.
दीड तासाने आली. हातात कागदात बांधलेली बुंदी. सांगितलं, हरिसिंग पाया पडला आणि काका कुठं म्हणून विचारत होता. मी म्हटलं, बँडचा आवाज कानाला वाईट. बुंदी खाल्ली नाही. डालड्यातली होती.
पेशंट: चौदा.

१६ मार्च
बारा. सुप्रियाचा फोन. निरोगी गटाचा आकडा विचारला. शून्य म्हणालो. तिने विचारलं, काका, तुम्हाला हे प्रश्न विचारले कोणी. रेंज गेली. म्हणजे मी फोन ठेवला.

२३ मार्च
अकरा. अभ्यास यशस्वी. अहवाल लिहायला घेतला. एक धोका बाकी: पेपरांत आहे की असे आई-बाप नवीन वर्षाच्या सणाला घराबाहेर पडत नाहीत, दार लावून बसतात. पुढच्या रविवारी पाडवा. पेशंट दार लावून बसणार. मी तयारीत राहीन.

३० मार्च, गुढीपाडवा, सकाळी १०
सातलाच हौसाने अंगण झाडलं, काठी धुतली, साखरेची गाठी काढली. काठी बांधताना धरायला मला हाक मारली. कंबर धरली आहे, असं मी आतून सांगितलं. दार मी लावून घेतलं होतं.
तिने दार ढकललं. माझ्याकडे बघितलं आणि फाइल उचलली. म्हणाली, तुमचा आजचा कागद पाहू द्या. होताच आजच्या तारखेचा. म्हणाली, आजचा दिवस तर आत्ता उजाडला, हा कवा भरला.
चौथी शिकलेली बाई. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला आकडे लिहायला बसली. झोप विचारली, उत्तराची वाट न बघता तीन लिहिले. जेवण विचारलं, पट्ट्याकडे बघितलं, तीन. माणसांत जाणं, तीन. आठ प्रश्नांचे बावीस झाले.
नववा विचारायचा नसतो, म्हटलं. ती म्हणाली, पयले तुमी मले विचारा. बारा आठवडे नाही विचारला.
विचारला.
म्हणाली, तीन. मग खाली बघत म्हणाली, डाक्टर काहीच बोलला नव्हता, हे मले क्यांपातल्या नर्सबाईनं त्याच दिवशी सांगतलं होतं. पंचवीस वर्षं झाली. पवन होता तवर मी गिळून घेतलं.
मी घड्याळाकडे बघत राहिलो. म्हणाली, तिकडं नका पाहू. आता तुमचा सांगा.
तीन, म्हणालो. मग फार वेळ रडलो. पवन गेल्यावर तिच्यासमोर पहिल्यांदाच. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, पण उठूनही गेली नाही.
नंतर म्हणाली, सुप्रियाले फोन लावा. दवाखान्यात दोघाचाबी नंबर लावाले सांगा. आन् काठी धरा, मले एकटीले जमून नाई राह्यलं.
फोन लावला. बाहेर जाऊन काठी धरली. परत येऊन दोन्ही फॉर्म पूर्ण केले.
प्रश्न नऊ. हौसाबाई: तीन. जानराव: तीन.
विचारून भरले.