वर्नरसाहेबांचं मैदान

प्रिय वर्नरसाहेब,

तुम्ही गेल्याचं तुमच्या मुलीच्या, उर्सुलाच्या, पत्रातून कळलं. पत्र येऊन आठ दिवस झाले. आठ दिवसांत मी तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो.

हे पत्र मराठीत लिहितोय, राग मानू नका. चाळीस वर्षांहून जास्त काळ तुम्हाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. त्या इंग्रजीत मला 'सगळं छान आहे' याच्या पलीकडं फारसं काही येत नव्हतं. आता तुम्हाला कुठली भाषा कळते आणि कुठली नाही, हा प्रश्नच उरला नाही. आणि जे सांगायचंय ते माझ्या भाषेतच सांगता येईल.

उर्सुला पुढच्या महिन्यात इकडं येणार आहे. हैदराबादला उतरून नांदेडमार्गे. तिला तुमच्या नावाचं मैदान बघायचंय.

साहेब, तुमच्या नावाचं मैदान नाही. कधीच नव्हतं. मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं.

आमच्या मंडळींना, म्हणजे सुमनला, मी हे परवा सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "आता काय दावणार त्या बाईला? तळ्यातली ढेकळं?" मग तीच म्हणाली, "म्हातारं माणूस गेलं बिचारं. आता कुणाला भ्यायलाव? लिहा की खरं." म्हणून लिहायला बसलो.

तुम्हाला आमच्या गावात यायला दुष्काळच लागला! बहात्तरचा. अहमदपूर तालुक्यातल्या आमच्यासारख्या गावाला एरवी कोण विचारतं? तुमची बोअरची गाडी आली तेव्हा अख्खं गाव खडी फोडायचं काम टाकून बघायला धावलं. मी नुकताच शाळेवर मास्तर म्हणून लागलो होतो. गावात इंग्रजी बोलणारा मी एकटा, म्हणून तुमची सोय शाळेच्या मधल्या खोलीत केली आणि तुमच्याशी बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गाव तुम्हाला बोरसाहेब म्हणायचं. तुम्ही मला गुरुजी म्हणायचात, आणि त्यातला 'र' असा घोळवायचात की पोरं आठवडाभर तुमची नक्कल करत होती.

तुमच्या गाडीत हत्यारांच्या पेटीमागं एक फुटबॉल होता. तो मला दिसला, आणि मला फुटबॉल दिसल्यावर माझ्या तोंडावर काय झालं ते तुम्हाला दिसलं. नांदेडला कॉलेजात मी फॉरवर्ड खेळायचो. गावात परत आल्यापासून चेंडूला पाय लागला नव्हता.

पण खेळायचं कुठं? निजामाच्या काळातलं आमचं गावतळं तेव्हा ठणठणीत कोरडं. भेगांमधे हात जायचा. तुम्ही काठावर उभं राहून ते सगळं बघितलंत आणि म्हणालात, "सपाट आहे." बस, एवढंच! दुसऱ्या दिवशी आम्ही दहाबाराजणांनी भेगांत माती भरली. तुम्ही बोअरच्या उरलेल्या केसिंग पाइपचे चार तुकडे आणून दोन गोल रोवलेत. जिथं म्हशी डुंबायच्या तिथं आमचं मैदान झालं.

संध्याकाळी कामावरून सुटलेली पोरं यायची. आमच्या बौद्धवाड्यातली आणि गावातलीही. विहिरी वेगळ्या होत्या, पण तळ्याच्या तळावर कुणाची मालकी नव्हती. तुम्ही मला एकदा विचारलंत, "गुरुजी, दोन विहिरी का?" मी इंग्रजी येत नसल्याचं सोंग केलं. तुम्ही ओळखलंत. पुढं काही विचारलं नाहीत, पण तिसरा बोअर कुठं घ्यायचा हे तुमच्या मनात त्याच दिवशी ठरलं असावं.

पहिले दोन बोअर कोरडे गेले होते. धूळच धूळ. मग गावात कुजबुज सुरू झाली, की हा गोरा माणूस तळ्याच्या छातीवर लाथा मारतो म्हणून पाणी रुसलं. गयाबाई तर तोंडावर बोलली. आठवते ना गयाबाई, शेळ्या राखणारी? कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "बोरसायबा, आधी पाणी काढा, मंग लाथा मारा. चेंडू पिऊन जगावं का आमी?" मी त्याचं इंग्रजी जरा मऊ करून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "ती याच्यापेक्षा जास्त बोलली." मग चेंडू गाडीत ठेवलात आणि चार दिवस बाहेर काढला नाहीत.

त्या चार दिवसांत तुम्ही मला तुमची गोष्ट सांगितलीत. शाळेच्या पायरीवर बसून, उजवा गुडघा दाबत.

तुमचं गाव जर्मनीतलं, कोळशाच्या खाणीचं. लढाई संपली तेव्हा तुम्ही एकोणीस-वीस वर्षांचे. क्लबच्या मैदानात बाँबचे खड्डे होते. खेळाडूंनीच ते विटांच्या चुऱ्यानं भरले. दिवसा खाणीत उतरायचं आणि रविवारी खेळायचं. खेड्यात जाऊन सामना खेळला की शेतकरी बटाटे द्यायचे, आणि ती पिशवी घेऊन तुम्ही ट्रकच्या हौद्यात बसून घरी यायचात. तुमची आई म्हणे आधी पिशवी बघायची आणि मग निकाल विचारायची. मी हसलो होतो. आमच्याकडं त्या वर्षी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि पोरांना सरकारी सुकडी. मला तुमची आई एकदम ओळखीची वाटली.

तुम्ही उजवा बॅक. दोन वर्षं राखीव संघात बसलात आणि मग पहिल्या संघात चौदा सामने. तेरा सामन्यांत तुमच्या बाजूनं समोरच्यांना एकही गोल करता आला नाही. पेपरात तुमचं नाव कधी आलं नाही, कारण बॅकच्या बाजूनं काही घडलं नाही तर लिहिणार काय? चौदाव्यात शेवटची पाच मिनिटं राहिली होती. समोरचा पोरगा चेंडू घेऊन आला. थांबायचं सोडून तुम्ही चेंडूवर पाय टाकलात. तो वळून निघून गेला. गोल झाला, क्लब खालच्या वर्गात गेला, आणि तुमचा गुडघाही त्याच झटक्यात गेला. चोविसाव्या वर्षी कारकीर्द संपली. मग खाणीतली ड्रिलिंगची मशिनं, आणि त्या मशिनांमागं फिरत फिरत आमचं गाव.

"पहिला पाय तू टाकू नको, गुरुजी," तुम्ही म्हणालात. "समोरच्याला टाकू दे. तू थांब. मधे उभा राहा." मग मला फॉरवर्डचा बॅक केलात. मला तेव्हा तो अपमान वाटला होता, आज सांगतो.

तिसरा बोअर तुम्ही गाव आणि बौद्धवाडा यांच्या बरोबर मधे घेतलात, शाळेच्या कुंपणाला लागून. पाणाड्यानं दाखवलेली जागा सोडून. पाटलांनी विचारलं तर म्हणालात, खडक इथं चांगला आहे. खरंच होता का हो? की तुम्ही नुसतेच मधे उभे राहिलात? हे विचारायचं राहूनच गेलं. पाणी लागलं तेव्हा सगळ्यात आधी गयाबाई ओरडली, "लागलं बगा, लागलं!" आणि तिनं ओंजळ भरून पहिलं पाणी तुमच्या डोक्यावर ओतलं. पुढं त्या बोअरवर हापसा बसला, त्यावर आधी कुणी भरायचं यावरून भांडणं झाली, नाही असं नाही. पण हापसा एकच राहिला. त्या दिवशी तुम्ही तोंड पुसलंत, गाडीतून चेंडू काढलात आणि तळ्याकडं निघालात.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. तोवर तुम्ही मायदेशी परत गेला होतात.

आता खोट्याकडं येतो.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. त्याच सुमाराला तुमचं पत्र आलं. बायको गेल्याचं लिहिलं होतंत, आणि खाली एक ओळ: तुमच्या क्लबचं जुनं मैदान खोदून तिथं घरं बांधलीत, 'आता मी कधीकाळी खेळलो याचा पुरावा म्हणजे फक्त माझा गुडघा.' ती ओळ मला सोसली नाही. तेव्हा इकडं जिकडंतिकडं पाट्या रंगवणं चाललं होतं. शाळेच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' करायला मला हिरवा आणि पांढरा रंग मिळाला होता. तो उरला. उन्हाळ्यात तळं आटल्यावर मी एका फळीवर लिहिलं, 'वर्नरसाहेब क्रीडांगण. जर्मनीचे राष्ट्रीय खेळाडू. जि. लातूर.' फळी पाइपांच्या शेजारी रोवली, अहमदपूरहून फोटोवाला आणला, आणि तुम्हाला लिहिलं की नव्या जिल्ह्यानं मैदानाला तुमचं नाव दिलं. पाटीवरची ओळन् ओळ इंग्रजीत करून सांगितली. जिल्ह्याला बिचाऱ्याला पत्ताही नव्हता!

तुमचं उत्तर काय आलं? आभार, आणि 'पाटीत एक चूक आहे. मी राष्ट्रीय खेळाडू नव्हतो. चौदा सामने. कृपया दुरुस्त करा.' तुम्ही इतके सरळ कसे हो होतात? ते उत्तर हातात पडलं तेव्हा पाटी तळ्यात बुडून गेली होती. मी 'दुरुस्त केली' असं कळवून टाकलं.

उर्सुलानं तुमच्या खोलीतल्या भिंतीचा फोटो पाठवलाय. तो पाटीचा फोटो तिथं चौकटीत आहे. तुम्ही स्वतः त्यावर कागदाची पट्टी चिकटवून १४ लिहिलंय. पण साहेब, तुम्ही पट्टी भलत्याच ओळीवर चिकटवलीत. राष्ट्रीय खेळाडू तसेच आहेत, 'जि. लातूर' तेवढं झाकलं गेलंय. मी आधी मोठ्यानं हसलो आणि मग मला रडू आलं. सुमन घाबरून बाहेर आली.

त्यानंतर दर नव्या वर्षाला तुमचं कार्ड यायचं. प्रश्न एकच, 'मैदान कसं आहे?' आणि माझं उत्तर ठरलेलं: 'फार छान. मुलं रोज खेळतात.' तुम्हाला बरं वाटावं म्हणून. एक वर्ष तर मी स्पर्धा झाल्याचंही लिहिलं. मला वाटायचं, एवढ्यानं एका म्हाताऱ्याचा डिसेंबर चांगला जात असेल तर काय बिघडलं?

उर्सुला लिहिते, "तुमचं पत्र आलं की वडील दिवसभर फार बोलायचे नाहीत. म्हणायचे, गुरुजींच्या गावात यंदाही पाणी नाही. मुलं अजून मैदानावर खेळतात."

तिनं सहज लिहिलंय. पण मी ते वाचलं आणि पायरीवर बसूनच राहिलो.

तुम्ही मैदानाचं विचारत नव्हता. तळ्याचं विचारत होता! पाण्यासाठी आलेला माणूस दुसरं काय विचारणार? आणि मी, त्याच तळ्याकाठी जन्मलेला, दर वर्षी तुम्हाला सांगत होतो की तळं कोरडं आहे. पावसाळा संपून तीन महिनेही झालेले नसताना! एवढी वर्षं तुम्ही आमच्यासाठी उगाच जीव जाळलात. मग सरळ 'तळं भरलं का' असं का नाही विचारलंत? तिथंही पहिला पाय टाकायचा नव्हता? मी तर टाकून बसलो होतो. हिरव्या रंगानं.

तर आता ऐका. तळं भरायचं, वर्नरसाहेब. पाटी बुडाली त्या पावसाळ्यात तर सांडव्यावरून पाणी वाहिलं. पुढंही कित्येक वर्षं दिवाळीत मैदानावर दोन पुरुष पाणी असायचं आणि पोरं तुमच्या गोलावरून सूर मारायची. पाय पाइपाला लागला की ओरडायची, "गोल!" गयाबाई त्याच पाण्यावर शेळ्या पाजत म्हातारी होऊन गेली. हे सगळं मला दिसत होतं आणि मी तुम्हाला ढेकळं लिहून पाठवत होतो. मला माफ करा.

आणि नेमकं यंदा तळं खरोखर आटलंय. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमचा हापसा तीस वेळा हाणला तर घागरभर देतो. काल मी तळ्यात उतरून पाहिलं. गाळ इतका चढलाय की तुमचे पाइप जेमतेम माझ्या कमरेपर्यंत वर आहेत, गंजलेले, पण चारही जागेवर. पाटी सापडली नाही. दोनचार पोरं तिथं क्रिकेट खेळत होती. एकानं विचारलं, "गुरुजी, हे पाईप कशाचे हायत?" मी म्हणालो, "एका बॅकचे."

उर्सुलाला मी नवी पाटी रंगवून दाखवणार नाही. तिला काठावर बसवीन आणि हे सगळं सांगीन, राष्ट्रीय नाही, चौदा सामने, आणि मग हापशावर नेऊन तिच्याच हातानं घागर भरून घेईन. ती रागावली तर रागावू दे.

आणि एक वचन देतो. पाऊस यंदा येवो नाहीतर पुढच्या साली, मी काठावर जात राहीन. ज्या दिवशी चौथा पाइप पाण्याखाली जाईल, त्या दिवशी तिला पत्र टाकीन आणि तुमच्या कबरीपाशी वाचायला सांगीन. फार काही लिहिणार नाही. तुम्ही इतकी वर्षं ज्याची वाट बघितलीत, तेवढंच लिहीन.

मैदान बुडालं.

तुमचा,
किसन गुरुजी