राजाच्या ध्यानासनाबद्दल तक्रार

तीर्थस्वरूप मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींना खोकल्याचं औषध लागू पडलं का? माझी खुशाली विचारू नका, डोकं अजून तापलेलंच आहे.

तुम्ही निवृत्त झालात आणि संग्रहालयात लोकांना माहिती सांगायचं काम माझ्याकडे आलं, त्याला बारा वर्षं झाली. लोकांनी इतिहासाबद्दल विचारावं, माझी ना नाही. पण काय विचारावं? प्राचीन दालनात एका आजींनी विचारलं, या मूर्तींची तुटलेली नाकं कुठे ठेवलीत? (जणू मीच डब्यात भरून ठेवली आहेत.) गोऱ्या साहेबांच्या दालनात एका गृहस्थांना जाणून घ्यायचं होतं, एवढ्या उकाड्यात लोकरी कोट घालून साहेबांना घामोळं यायचं का. तेही निभावलं. मंगळवारी मात्र प्लंबर आला. वयस्कर, गळ्यात चष्मा, खिशात मोजायची टेप.

मध्ययुगीन महालात मी नेहमीप्रमाणे ध्यानासन दाखवलं: झरोक्यापाशी दगडी चौथरा, मधोमध गोल भोक. राजा इथे बसून एकाग्र चित्ताने राज्याचा विचार करत असे, असं मी सांगत होते, तोवर हा बाबा ओणवा होऊन भोकात बॅटरी मारायला लागला.

"ताई, उतार झकास दिलाय," तो म्हणाला.

"कसला उतार?"

"मैल्याचा. मागच्या भिंतीला खाली तोंड असेल, बघा."

चाळीस माणसं मागच्या भिंतीकडे गेली. तोंड होतं. (मीही गेले, न जाऊन करते काय.) कुणी हसलं नाही, याचाच मला जास्त राग आला. एका जोडप्याने आसनावर बसून काढलेला फोटो मोबाईलमधून गुपचूप पुसला. रोज दोनदा, बारा वर्षं, मी लोकांना संडासापुढे चपला काढायला लावल्या, मामा. वर तो प्लंबर माझी समजूत घालतो, की राजा एकाग्र व्हायचा हे काही खोटं नाही. संग्रहालयाच्या आमच्या साहेबांनी त्याला चहा पाजला. मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तुमची संतापलेली,
भाची

ता.क. ध्यानासनाच्या फलकावरचा मजकूर तुमचा, हे मी साहेबांना सांगून टाकलं. नाइलाज होता.

आणखी एक ता.क. शुक्रवारी नवा फलक लागणार आहे आणि मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. राजाला शोभेल असा शब्द मला सुचत नाही. तेवढा तुम्हीच लिहून पाठवा. तुम्ही लिहिलेलं लोकांना लगेच पटतं.