चौदावी गोळी

दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. पाच महिने तुला एक ओळ लिहिली नाही, फोनवर नुसतं "आई ठीक आहे" म्हणत राहिलो, त्याबद्दल आधी कान पकडतो. घरी सगळे मजेत. तुझी भाची सायकल शिकली, दोन्ही गुडघे फोडून.

आता आईची बातमी, आणि ती चांगली आहे! परवा वृद्धांच्या शुश्रूषागृहात तिनं समोरच्या खोलीतल्या आजोबांना पत्त्यांत सलग तीनदा हरवलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही पानं लपवता."

"लपवत नाही, सांभाळून ठेवते," आई म्हणाली.

तू सप्टेंबरात तिच्या गोळ्यांची यादी मागितलीस. मी पाठवली नाही. तुझ्याकडे, तिकडे परदेशात, डॉक्टर शुश्रूषागृहातच बसतात. तूच बसतेस, माणसांना रोज चालताना-जेवताना बघतेस आणि दर तीन महिन्यांनी यातली कुठली गोळी बंद करता येईल, म्हणून यादी उघडतेस. इथे डॉक्टर मंगळवारी येतात आणि तासाभरात तीस जणांना तपासतात. एरवी सिस्टर फोन करतात, ते फोनवरच गोळी सांगतात. नवी वाढते, जुनी कोणी काढत नाही. तू हे म्हणालीस तेव्हा मी उसळलो, "तुमच्याकडचं सगळं सोनं, आमचं पितळ!" आणि फोन ठेवला.

खरं सांगू? राग त्याचा नव्हताच. यादीतली चौदावी गोळी डॉक्टरांनी आपणहून दिली नव्हती. ती मी मागितली होती.

आई रोज दुपारी चारला फाटकाशी जाऊन उभी राहायची. म्हणायची, "शाळा सुटली, पोरं येतील." सिस्टरांचं ऐकायची नाही, मग मला ऑफिसात फोन. एकदा पायरीवरून घसरली. मी डॉक्टरांना म्हणालो, "जरा शांत राहील असं काहीतरी द्या." त्यांनी दिलं. आई शांत झाली. इतकी, की घास तोंडात धरून झोपायची. आणि मी रोजनिशीत लिहिलं, 'आई आता सुखात.' मला येणारे फोन थांबले होते, ताई. सुखात नक्की कोण होतं?

डिसेंबरात एकदा भेटायला गेलो, तर तिनं महत्प्रयासानं डोळे उघडले आणि मला म्हणाली, "या, बसा."

मला. अहो-जाहो.

पुढच्या मंगळवारी यादी घेऊन डॉक्टरांच्या गाडीपाशीच उभा राहिलो आणि तुझा प्रश्न विचारला, यातली कुठली बंद करता येईल? वाटलं, खवळतील. त्यांनी कागद बोनेटवर पसरला, चष्मा वर सरकवला. "हे मला आजवर एकाही नातेवाइकानं विचारलं नाही हो. आणखी काय देता, एवढंच विचारतात."

सहा आठवड्यांत, हळूहळू कमी करत, पाच गोळ्या गेल्या. सुरुवात चौदावीपासून. सिस्टर रोज तिची झोप, चालणं, रक्तदाब वहीत टिपत होत्या. काम वाढलं म्हणून कुरकुरल्याही, पण आईनं पहिल्यांदा "हे वरण आहे की पाणी?" असं विचारलं, तेव्हा त्यांनीच हसत हसत मला फोन केला.

काल अर्धा दिवस रजा टाकून चारला फाटकाबाहेर थांबलो. आई भिंत धरत आली. "आलास धाकट्या? ताई कुठाय?"

"तिला जास्तीचा तास आहे."

"मग थांबू या." माझं मनगट धरून वीस मिनिटं रस्ता बघत राहिली, येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवत. मी इतका हसलो की पहारेकरी वळून बघायला लागला.

ती पुन्हा पडू शकते. तुला डॉक्टरला मी काय सांगू! पण सिस्टर आणि मी ठरवलंय, तिला अडवायचं नाही, कोणीतरी सोबत जायचं. बुधवार, शुक्रवार माझे. मी खूश आहे तो आई उठली म्हणून, की माझी सुटका झाली म्हणून, हे अजून नीट कळलेलं नाही. तूर्त खूश आहे.

नऊ गोळ्यांची यादी सोबत आहे. जुनीही आहे, चौदावीपुढे माझं नाव लिहिलंय. रागाव हवं तेवढं, पण तपासून कळव.

तुझा, खूप दिवसांनी पोटभर जेवलेला,
धाकटा

ता. क. उद्याचं काम: आईसाठी न घसरणाऱ्या तळव्याचे बूट आणणे.