तीन पेले पाणी

गुरुवार, १४ मार्च

ताई,

नमस्कार. तू बरी असशील, गुडघे नेहमीसारखे कुरकुरत असतील. माझं शिवणकाम सध्या बंद आहे. का, ते पुढे येईलच.

पत्राचं कारण तुझी लेक. "पोरीच्या जातीला कसली यंत्रं" म्हणून तू अबोला धरलास, त्याला दोन वर्षं झाली. म्हटलं, ती काय करते ते तरी तुला कळावं.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर किरण देतात, त्या खोलीत ती काम करते. किरण सोडण्याआधी रोज पोटाच्या आतला फोटो काढते आणि सुरुवातीला ठरवलेल्या फोटोशी जुळवून बघते. माप घेतलेलं असलं तरी मी कापड पुन्हा अंगावर लावून बघते ना, तसंच. आतलं सगळं रोज थोडं हलतं. म्हणून बायकांनी आधी तीन पेले पाणी पिऊन मूत्राशय भरून यायचं, म्हणजे सगळं जागच्या जागी राहतं.

मंगळवारी एक बाई दीडच पेला प्यायली. टेबलावर फजिती होईल ही भीती! उरलेलं बेसिनमध्ये ओतलं आणि "तिन्ही प्यायले" म्हणून मोकळी झाली. वय पंचावन्न, थाप शाळकरी पोरीची. फोटोत पितळ उघडं पडलं. बाहेर सहा जणी खोळंबलेल्या, पण तुझी लेक ढिम्म.

"गर्भाशय सरकलंय. असेच किरण दिले तर नको तिथे लागतील. उठा, पाणी प्या, अर्ध्या तासाने या."

"अगं, पण मी तुझी मावशी..."

"घरी मावशी. इथे तुम्ही पेशंट."

झालं, सांगून टाकलं. ती बाई मीच, ताई. दोन महिने तुला कळवलं नाही. तुझं ब्लडप्रेशर हे निमित्त, खरं तर तो शब्द लिहायची मलाच भीती वाटत होती.

बाहेर बाकावर पाणी पिताना रडू आलं. शेजारची म्हणाली, "ओरडली ना? माझ्यावरही ओरडते." मी म्हटलं, "माझी भाची आहे ती!" इतक्या मोठ्याने की सगळ्या वळून बघायला लागल्या. दुसऱ्या फोटोत सगळं तंतोतंत जुळलं.

घरी आल्यावर माझे पाय चेपत तिने हळूच विचारलं, "मावशी, आईला कळवलंस का गं?" तुझी आठवण काढायला तिलाही निमित्तच लागतं.

पंचविसांपैकी एकोणीस दिवस झाले. पुढच्या शुक्रवारी पंचविसावा. त्यानंतरही थोडे उपचार आहेत, पण डॉक्टर समाधानी आहेत. तू ये. मला बघायला आले म्हण हवं तर, माझं आजारपण तेवढं तरी कामी येऊ दे. बाहेरच्या बाकावर बस. दार उघडून ती मला हाक मारेल, तेवढं बघ.

पाणी मी तिन्ही पेले पिईन. शब्द देते.

तुझी धाकटी,
आणि तुझ्या लेकीची पेशंट