तिच्या बाजूची मेंदी

२२ फेब्रु. १९८७, लातूर
आज मेंदी कापायचा रविवार. सुतळी घेऊन उभी राहिले, शेजारची सुमनताई आलीच नाही. आमच्या दोन क्वार्टरांच्या मधे मेंदीची ही एकच रांग. काड्या माझ्या माहेरच्या, अर्धापूरच्या. नवा जिल्हा झाला, इथं क्वार्टर मिळाली, त्या पावसाळ्यात दोघींनी मिळून लावल्या. आपापली बाजू आपण कापायची, माथा दोघींनी मिळून. सुतळीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. कमरेच्या वर जाऊ द्यायची नाही, म्हणजे उभ्याउभ्या बोलता येतं.
शेवटी हाक मारली. आतूनच म्हणाली, "आज न्हाई बाई. आत्याबाई येऊन राहिल्यात गावाकडून. हिरीला पानी न्हाई राह्यलं."
आत्याबाई म्हणजे सासू. दुष्काळात तेरावा महिना. बिचारी सु.ताई.

१ मार्च
बिचारी वगैरे काही नाही.
"ह्या अंगानं वाढू द्या जरा," म्हणाली. "आत्याबाईला अंगणात बसाया आडोसा पाह्यजे."
म्हटलं, आडोसा रस्त्याच्या अंगाला लागतो, माझ्या अंगाला कशाला? तर पदर नीट करायला लागली.
माझ्या हातची भाकरी किती वेळा खाल्ली. तिचा मुलगा तापानं फणफणला होता तेव्हा रात्रभर माझ्या मांडीवर. आमचं आडनाव पहिल्या दिवसापासून दारावरच्या पाटीवर आहे, ते काही आज कळलेलं नाही.
माझ्या बाजूचा अर्धा माथा कापून टाकला. सुतळी धरायला यांना उभं केलं. हे म्हणतात, "नवा जिल्हा झाला, आता सरहद्द पण आखून घ्या." मला हसू आलं नाही.

२९ मार्च
मेंदीची पायरी झाली आहे. माझ्याकडे कमरेएवढी, तिच्याकडे खांद्याला लागते. जाणारे-येणारे बघतात. शाळेतल्या पाटीलबाई म्हणाल्या, "ही काय फॅशन?" हो म्हटलं, लातूरची नवी.
टँकर कधी येतो, कधी नाही. कपड्यांचं पाणी मी मेंदीच्या मुळाशी टाकते. पूर्वी तीही टाकायची. आता ती बादली आत्याबाई अंगणात शिंपडायला नेतात. नेऊ देत. पण मूळ दोन्हीकडचं एकच. म्हणजे माझ्या पाण्यावर तिची भिंत वाढून राहिली!
उद्यापासून थेंब टाकणार नाही.

१ एप्रिल
टाकलं. पानं गळायला लागली होती. आईनं ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेल्या काड्या. माझा राग तरी कुठे धड आहे.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी वंदना, मग मिरवणुकीची तयारी. दरवर्षीसारखे लाडू केले. दरवर्षी ताट मेंदीवरून देते, यंदा वळसा घालून तिच्या दारात गेले. सु.ताईनं घेतलं. आत्याबाई मागे बाजेवर बसल्या होत्या.
संध्याकाळी ताट परत. घासून, पुसून, लख्ख. आणि रिकामं.
पाच वर्षांत तिनं माझं भांडं कधी रिकामं दिलं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, दोन हिरव्या मिरच्या. रिकामं भांडं परत देऊ नये हे मला तिनंच शिकवलं, आमच्यात एवढं पाळत नसत. आता आमच्यात पाळतात.
लाडू खाल्ले की नाही, विचारलं नाही. उत्तर ऐकायचं नव्हतं.

७ मे
त्यांच्या नात्यात लग्न. गावाकडच्या मुली मेंदीचा पाला तोडायला आल्या. मी मागच्या दारी भांडी घासत होते, मेंदीमुळे त्यांना दिसले नाही. आत्याबाईंचा आवाज, "तिकडली नका तोडू गं. आपल्या अंगाची घ्या."
आपल्या अंगाची! पान न् पान माझ्या सांडपाण्यावर जगलेलं. त्यानंच नवरीचे हात रंगणार. हसावं की रडावं?
सु.ताई तिथंच होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. "आत्याबाई, असं बोलू नका" एवढं तरी म्हणायचं. नाही. म्हातारीचं मला काही वाटत नाही, ती कोण माझी? हिचं वाटतं.
भर उन्हात कात्री घेतली आणि माझी बाजू सपासप कापली. पार लाकडापर्यंत. हे ओरडत होते, "अगं, वैशाखात कोणी कापतं का!"

१९ मे
व्हायचं तेच झालं. माझ्या बाजूच्या काड्या उन्हानं करपल्या. तिची बाजू हिरवीगार. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटेल, हिला झाड जगवता येत नाही.
नळाच्या रांगेत सु.ताई जवळ सरकली. हळूच, "बाई, मला कळतंय समदं. पन त्या हाय तवर माझं तोंड उघडत न्हाई. त्या गेल्या की आपुन कापू. सुतळी धरून."
मी घागर भरून निघाले. पण घरी येऊन बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. रात्री नीट जेवण गेलं.

२८ जून
पाऊस बरा आहे. करपलेल्या काड्यांना बारीक कोंब. आत्याबाई आज गावी गेल्या, विहिरीला पाणी आलं म्हणे. जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. म्हातारीचे गुडघे फार दुखतात, जीपमधे दोघांनी उचलून बसवलं.
येत्या रविवारी सुतळी.

५ जुलै
उभी होते. बराच वेळ.
ती कपडे वाळत घालायला आली. आता मेंदीवरून तिचं नुसतं कपाळ दिसतं. म्हटलं, "ताई, कापायची ना?"
तिनं हातातला कपडा झटकून दोरीवर टाकला. मग म्हणाली, "राहू द्या की बाई. सवय झाली आता आडोशाची. बरं वाटतं."
आणि विचारलं, शाळा सुरू झाली का.

८ जुलै
हे म्हणतात, बदलीचा अर्ज टाकतो, नांदेडला जाऊ. आणि तिथं शेजारी कोण असेल? नको म्हटलं.
सारखं वाटतं, एवढी वर्षं तिला माझा तोंडदेखला लोभ होता का? तसं नव्हतं, हे मला माहीत आहे. तेच जास्त लागतं.

१२ जुलै
सकाळी वळसा घालून तिच्या फाटकापाशी गेले. कात्री कडीला अडकवली, सुतळी तिच्यावर गुंडाळली. हाक मारली नाही. तिला कळेल.
दिवसभर मागच्या दाराला गेले नाही. मुद्दाम वह्या तपासत बसले. कापल्याचा आवाज आला नाही.
आत्ता दिवेलागणीला जाऊन पाहिलं. कडीला कात्री नाही, सुतळीही नाही. आत नेली आहे.
मेंदी होती तेवढीच आहे.